डिझेलच्या गावात पेट्रोलची ठिणगी

नाशिकमध्ये जुन्या पेट्रोल जीपचं इंजिन जपणं म्हणजे गावाच्या स्वभावाविरुद्ध जाणं. सातपूरला मायकोच्या कारखान्यात सत्तरच्या दशकापासून डिझेल इंजिनांची नोझल आणि इंजेक्टर तयार होत आले. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण त्र्यंबक रोडवरचा चौक अजून मायको सर्कलच आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला महिंद्राने प्युजोच्या परवान्यावर डिझेल इंजिनं बनवली. ओझरला एचएएलमध्ये मिग विमानं जोडली गेली. नोझलमधली सुई आणि तिची बाही यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट चालते. अशी कामं करणारे हात ज्या गावात दोन पिढ्या तयार झाले, तिथे यंत्राची समज घराघरांत असणार, हे ओघानेच आलं. पण ही समज डिझेलची. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. प्लग, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर हा सगळा पसारा नाशिकच्या यंत्रविश्वात कायम सावत्रच राहिला.

आणि तरीही द्राक्षबागांच्या शेडमध्ये, जुन्या वाड्यांच्या मागच्या बाजूला, देवळाली कॅम्पातल्या बंगल्यांच्या आवारात पेट्रोल जीपा उभ्या आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्यावरची ताडपत्री निघू लागली आहे. मालक बहुधा तिशी-चाळिशीतला. गाडी आजोबांची, नाहीतर डिस्पोजलमधून घेतलेली. पहिला प्रश्न ठरलेला: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का? दुसराही ठरलेला: त्यापेक्षा सगळं इंजिनच बदलून टाकू का? पहिल्याला माझं उत्तर हो आहे, दुसऱ्याला नाही. हा लेख त्या दोन उत्तरांचा आहे.

आधी ही जीप कुठली ते पाहू. महिंद्रा कंपनीची सुरुवात १९४५ ची. तेव्हाचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. विलीज जीपचे सुटे भाग आणून त्या मुंबईत जोडायला सुरुवात झाली ती याच सुमारास. युद्धातल्या जीपचं इंजिन 'गो-डेव्हिल' नावाचं, सुमारे २२०० सीसी आणि ६० अश्वशक्तीचं. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये असत. विलीजने पुढे तोच ब्लॉक ठेवून आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये नेला, बाहेर सोडणारा खालीच राहू दिला. या अर्ध्या-अर्ध्या रचनेला एफ-हेड म्हणतात, इंजिनाचं नाव 'हरिकेन'. ताकद सत्तरच्या घरात गेली, पण इंजिन उंच झालं आणि बॉनेटखाली मावेना. मग बॉनेटच उंच केलं. १९५३ ची सीजे-३बी ती हीच. अमेरिकेत तिचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे तिचा चेहरा त्यानंतरही कित्येक दशकं रस्त्यावर होता. आपल्या जुन्या मराठी चित्रपटांत सरपंच, फौजदार आणि साखर कारखान्याचा चेअरमन ज्या उंच नाकाच्या गाडीतून उतरतात, ती ही.

हरिकेन इंजिनाचा एकच दोष होता, पेट्रोलची तहान. सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटाने तो दोष जीवघेणा ठरवला. महिंद्राने जीपमध्ये आधी आपल्या ट्रॅक्टरघराण्यातलं इंटरनॅशनलचं डिझेल इंजिन बसवलं, पुढे प्युजोचं एक्सडीपी ४.९०, २११२ सीसीचं. १९८५ च्या एमएम-५४० पासून तर जीप म्हणजे डिझेल हे समीकरणच झालं. ज्यांच्याकडे पेट्रोल जीप होती त्यांनीही इंजिन उतरवून डिझेल चढवलं. काळी-पिवळी चालवायची, द्राक्षांचे क्रेट पिंपळगावला न्यायचे, तर दुसरा हिशेबच बसत नव्हता. उतरवलेली हरिकेन इंजिनं विहिरीवरच्या पंपाला लागली, काही शेडच्या कोपऱ्यात गंजली, बहुतेक भंगारात गेली. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून सुटले, दोन्हींतलं अंतर कमी झालं. तोवर बहुतेक ब्लॉक वितळून गेले होते.

जुनी गाडी, नवं इग्निशन, मोठं इंजिन हे वेड मूळचं अमेरिकेतलं, मसल कारवाल्यांचं. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन कोंबायचं, ही १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून रूढ झालेली रीत. आपल्याकडे अशी गाडी बनलीच नाही. काँटेसाला हौसेने 'भारतीय मसल कार' म्हणतात. १९८४ ची ती गाडी दिसायला खरंच दांडगी होती, पण बॉनेट उघडलं की आत अॅम्बेसेडरचं जुनं १५०० सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन. पुढे इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आलं तेव्हा कुठे तिच्या अंगाला शोभेल असा जोर आला. माझ्या मते त्या नावावर खरा हक्क कुणाचा असेल तर जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ ते १९९९ पर्यंत बनलेल्या जोंगाचा. निस्सानचं चार लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन होतं तिच्यात. दुर्दैव असं की लिलावातून बाहेर पडल्यावर तिचंही तेच झालं, पेट्रोल उतरलं आणि डिझेल चढलं.

व्ही-८ नाही, जोंगा मिळत नाही. नाशिककराच्या वाट्याला उरली चार सिलिंडरची जीप. तिच्यावर अमेरिकन उपाय करायचे तर अमेरिकन कारणं तिला लागू पडतात का, हे आधी बघायला हवं.

पॉइंटचं इग्निशन चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी घडवलं. कल्पना इतकी साधी की पुढची साठ वर्षं जगभर तीच चालली. कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात, एक जाड तारेचा मोजका, दुसरा केसासारख्या तारेचा हजारोंनी. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट जाड तारेतून वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकत्व साठतं. डिस्ट्रिब्युटरचा कॅम फिरून पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात. रोटर ते ज्या प्लगची पाळी असेल त्याच्याकडे पोचवतो. जीपमध्ये ही पाळी एक, तीन, चार, दोन अशी. कंडेन्सरचं काम पॉइंटवर ठिणगी उडू न देण्याचं. तो गेला की ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी पॉइंटवरच पडते, आणि पॉइंट दोन दिवसांत जळून खड्ड्यांनी भरतात. रस्त्याकडेला बॉनेट उघडून पॉलिश पेपरने पॉइंट घासणारा ड्रायव्हर एके काळी महामार्गावरचं नेहमीचं दृश्य होतं. पॉइंटमधली फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवायची. फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घडी करून सरकवायचं. हे शास्त्रात बसत नाही, पण गाडी घरी पोचते.

आता थोडं गणित करू, कारण निर्णय त्यातच आहे. व्ही-८ इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल तर मिनिटाला २०००० ठिणग्या लागतात, सेकंदाला ३३३. दर ठिणगीआधी पॉइंट मिटलेले असतात ते जेमतेम दोन मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइल पुरती भरत नाही, ठिणगी अशक्त होते आणि ऐन जोराच्या वेळी इंजिन मिसिंग करतं. म्हणून अमेरिकन गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन लागलं, क्रायस्लरने १९७३ च्या गाड्यांपासून ते सर्रास दिलं. आपली जीप ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० ठिणग्या मागते, आणि कॉइल भरायला दर वेळी साडेचार मिलिसेकंदांहून जास्त वेळ मिळतो. कॉइल निवांत भरते. म्हणजे मसल कारवाल्यांचं मुख्य कारण जीपला लागूच पडत नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवल्याने तुमची जीप घाटात जास्त ओढेल असं कुणी सांगत असेल, तर तो किट विकतोय.

मग हो का म्हणालो? निफाडमुळे आणि इगतपुरीमुळे.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात तळाशी असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदी वर्तमानपत्रात छापून येतात आणि द्राक्षवाले बागांत शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत पहाटे सेल्फ मारला की बॅटरीचे बारा व्होल्ट नऊ-दहावर येतात. इंजिनाचं तेल घट्ट, सेल्फला जोर जास्त लागतो, कॉइलच्या वाट्याला उरतं ते उष्टं. त्यात पॉइंट झिजलेले, जळलेले असतील तर कॉइलला करंट आणखीच कमी मिळतो. मग चोक ओढून ओढून प्लग पेट्रोलने ओले होतात आणि गाडी हँडलवरही उठत नाही. दुसरीकडे इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस. तिथे ओलाव्याने पॉइंटवर बुरशीसारखी पांढरट साय धरते. इलेक्ट्रॉनिक किटमध्ये घासणारं काही नसतं. रोटरखाली चुंबकांचं कडं बसतं, शेजारी एक सेन्सर, चुंबक समोरून गेलं की ट्रान्झिस्टर करंट तोडतो. ते झिजत नाही, फट बदलत नाही, त्यामुळे बसवलेलं टायमिंग बसवलेलंच राहतं. वर्षातून चार वेळा निघणारी गाडी चारही वेळा सुरू होते. हौशी मालकाला याहून काय हवं?

किट बसवणं अर्ध्या तासाचं काम, पण जळतात तीही याच अर्ध्या तासात. तीन गोष्टी बघून घ्याव्यात. पहिली, गाडी सहा व्होल्टची आहे की बारा. सुरुवातीच्या विलीज जीपा सहा व्होल्टच्या होत्या, बहुतेकांच्या वायरिंगमध्ये मधल्या पन्नास वर्षांत कुणी ना कुणी हात घातलेला असतो. दुसरी, अर्थ कुठला आहे. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असे, तिथे साधं किट लावलं की क्षणात जातं. तिसरी गोष्ट कॉइलची. मल्टिमीटरने तिचा प्रायमरी रोध मोजा. तीन ओहमच्या कॉइलमधून चार अँपिअर वाहतात, दीड ओहमच्या कॉइलमधून आठ. चार सिलिंडरच्या किटला हे आठ अँपिअर झेपत नाहीत. आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन करून गाणी ऐकत बसू नका. पॉइंटच्या काळात त्याने फार तर कॉइल तापायची, आता मॉड्यूल भाजतं.

पण सगळ्यात आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून बघा. बुश झिजून शाफ्टला प्ले आला असेल तर रोटर डुलतो, टायमिंग चारही सिलिंडरला वेगवेगळं पडतं, आणि त्यावर कितीही महागाचं किट लावलं तरी फरक पडत नाही. आत वजनं आणि स्प्रिंगा असतात. पेट्रोल जळायला ठरावीक वेळ घेतं आणि ३००० फेऱ्यांवर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश पुढे सरकतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला हवी, आणि ते काम ही वजनं करतात. ती गंजून अडकली असतील तर जीप टायमिंग लाइटवर आरामाच्या चालीला पाच अंश अगदी बरोबर दाखवेल आणि चढावर दम टाकेल. नाशिकच्या लेथवाल्याला नवा बुश ओतून-खरडून बसवणं म्हणजे किरकोळ काम. मायको आणि एचएएलमधून निवृत्त झालेल्या माणसांच्या गावात एवढं तर मिळायलाच हवं. ते करून घ्या, किट त्यानंतर.

कसारा घाटाचा एक किस्सा प्रत्येक जीपवाल्याकडे असतो. उन्हाळ्यात मुंबईहून येताना गाडी घाटाच्या मध्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, कारण व्हेपर लॉक झालं, म्हणजे तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ झाली. असं होतंही. पण जुनी कॉइलही नेमकी अशीच वागते, तापली की आतलं इन्सुलेशन फितूर होतं, गार झाली की पुन्हा कामाला लागते. दोन्हींतला फरक ओळखायचा तर गाडी बंद पडताक्षणी प्लगची एक केबल काढून ब्लॉकजवळ धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी पडली तर दोष पेट्रोलचा. पिवळी, दुबळी पडली तर फडकं गुंडाळून उपयोग नाही. आधी करंट बघायचा, मग पेट्रोल, हा जुन्या मेस्त्र्यांचा क्रम चुकीचा नाही. एक भर मात्र घालायला हवी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्याने जुन्या पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या फुगतात, कार्बोरेटरमध्ये मिश्रण पातळ होतं. पंप-नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या आणि जेट एक नंबर मोठा करून बघा. ज्या जिल्ह्यात ऊस आणि आसवनी आहेत तिथे इथेनॉलला नाकं मुरडणं मला पटत नाही, पण १९६० च्या रबराला ते पटत नाही हेही खरं.

आता दुसरा प्रश्न, इंजिन बदलण्याचा. हरिकेनचं काम काढा, पण ते हरिकेनच राहू द्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, फार फरक असेल तर हेड उतरवा. बोअर झिजला असेल तर पुढच्या साइजचे पिस्टन, क्रँक ग्राइंड, नवी बेअरिंगं, बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला कडक सीट, कारण देशात २००० पासून पेट्रोलमध्ये शिसं नाही आणि जुन्या सीटना त्याच शिशाचं वंगण मिळत होतं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा मोह टाळा. सातच्या आसपास कॉम्प्रेशन असलेलं हे इंजिन कमी फेऱ्यांत ओढायला घडवलं आहे. त्याची सर्वांत जास्त ओढ २००० फेऱ्यांवरच मिळते.

मोठं इंजिन चढवणाऱ्यांना जीपच्या एक्सलचा आकडा विचारून बघा. सीजे-३बीच्या डिफरन्शिअलचं गुणोत्तर ५.३८. सोळा इंची अरुंद टायरवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन ३२०० फेरे घेतं. समृद्धी महामार्गाची वेगमर्यादा १२०, म्हणजे तिथे ४८०० फेरे, ज्या आकड्याला हरिकेन कधी पोचतच नाही. मग लोक इंजिन बदलतात, त्यासाठी गिअरबॉक्स, त्यासाठी एक्सल, त्यासाठी चासी कापतात. ब्रेक मात्र तेच नऊ इंची ड्रम. शंभर-दीडशे अश्वशक्तीची गाडी त्या ब्रेकांवर घाटात उतरवणं हा शहाणपणा नव्हे. अशी गाडी हवी असेल तर ती नाशिकमध्येच बनते. २०२० च्या थारमध्ये दीडशे अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन मिळतं, त्यात डिस्ट्रिब्युटर नाही आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसलेली. ज्या गावाने पेट्रोल जीपला डिझेल पाजलं, त्याच गावातून ठिणगीवाली जीप पुन्हा बाहेर पडते आहे.

कायद्याची बाजूही सोपी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातले तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी परिवहन कार्यालयाची मंजुरी हवी, नवा नंबर आरसीवर चढायला हवा. पेठ रोडच्या आरटीओत या कामाला खेटे घालावे लागतात, म्हणून बरेच जण गेलेच नाहीत, आणि आज कित्येक जीपांच्या आरसीवर एक नंबर, ब्लॉकवर दुसरा अशी अवस्था आहे. विमा कंपनी हा नंबर अपघातानंतर बघते, आधी नाही. याउलट जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. नव्या नोंदणीला २०००० रुपये, दहा वर्षांची मुदत आणि व्हीए अक्षरांची नंबर प्लेट. अट एकच पण कडक, गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालणार नाही. या गाड्या रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाहीत, पण हौसेला पुरतात.

इथे इग्निशन आणि इंजिन यांतला खरा फरक उघडा पडतो. किट डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसतं, बाहेरून दिसत नाही, आणि दोन स्क्रू काढले की पॉइंट पुन्हा जागेवर. उद्या प्रदर्शनात न्यायची असो की किट रस्त्यात दगा देवो, मागे फिरायची वाट शिल्लक राहते. इंजिन उतरवून चासी कापली की ती वाट बंद. म्हणून काढलेली पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि फीलर गेज एका डब्यात घालून सीटखाली ठेवा. लांबच्या प्रवासात तो डबा तुम्हाला मॉड्यूलपेक्षा जास्त विश्वासाचा वाटेल.

सुट्या भागांसाठी नाशिककर पूर्वी अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात जायचे. महापालिकेने २०१७ मध्ये तिथली शेकडो दुकानं हटवली. शहराच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण जुन्या जीपवाल्यांचं कपाट त्या दिवशी रिकामं झालं. त्यामुळे आता जे काही उरलं आहे ते घराघरांत आहे. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे तुमच्या शेडमध्ये, पोल्ट्रीच्या मागे, जुन्या पंपाच्या खोलीत चार सिलिंडरचा एखादा ओतीव ब्लॉक पडलेला असेल, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो किलोच्या भावाने देऊ नका. त्यावरचा नंबर फडक्याने पुसून वाचा आणि आजोबांच्या जीपच्या पहिल्या आरसी बुकाशी ताडून बघा. जुळला तर मेस्त्रीला बोलवा. नाही जुळला तर ज्या कुणाचा असेल तो नाशिकमध्येच तो शोधत असण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा एखाद्या जीपवाल्याच्या कानावर ती गोष्ट घाला.